३०० मेगाहर्ट्झचं दही

आमच्याकडे आलेला पाहुणा हात धुवायला म्हणून आत गेला की मधल्या खोलीच्या दारात थबकतो. मान वळवतो, आवाज थोडा खाली आणतो आणि विचारतो, "अजून चालतो?" गावाकडच्या नव्वदीतल्या आत्याबाईंची चौकशी करताना लागतो, अगदी तोच सूर. मग मीही त्याच सुरात सांगतो, "सकाळी जरा कुरकुरला, पण आता बरा आहे."

हा कॉम्प्युटर मी १९९७ च्या दसऱ्याला घेतला. त्या काळी कॉम्प्युटर घेणाऱ्यांच्या दोन जाती होत्या. 'ब्रँडेड' घेणारे म्हणजे तयार फ्लॅटमध्ये राहायला जाणारे. आणि आम्ही 'असेंबल्ड'वाले म्हणजे प्लॉट घेऊन, वाळू-सिमेंटचा भाव काढून, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून घर बांधणारे. तपकीर गल्लीत (जिथे तपकीर सोडून सगळं मिळतं) चार दुकानांतून चार गुलाबी कागदांवर कोटेशनं आणली. त्यातलं पहिल्या दुकानाचं कॅबिनेट, दुसऱ्याचा मदरबोर्ड आणि तिसऱ्याचा भाव घेऊन चौथ्याकडे गेलो. पेंटियम १६६ एमएमएक्स, १६ एमबी रॅम, २.१ जीबी हार्ड डिस्क, १४ इंची रंगीत मॉनिटर, १.४४ ची फ्लॉपी आणि ८० कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. एकूण रक्कम माझ्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी, तीही पतपेढीतून काढलेली. "२.१ जीबी पुरेल ना?" असं मी विचारलं तेव्हा दुकानदार हसला. "साहेब, जन्मभर पुरेल." कुणाच्या जन्मभर, ते मी विचारलं नाही.

घरात आल्यावर त्या पत्र्याच्या उभ्या पेटीला सगळे 'सीपीयू' म्हणायला लागले. वास्तविक सीपीयू म्हणजे आत बसवलेली बर्फीच्या वडीएवढी चौकोनी चीज. पण एका कर्त्या माणसाच्या नावावर अख्खं घर ओळखायची आपल्याकडे पद्धतच आहे. पुढच्या खंडेनवमीला या सीपीयूला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. त्यातली एक पाकळी फ्लॉपीच्या फटीतून आत गेली ती २००३ साली सापडली. रंग तसाच होता. त्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. धुळीचं कारण सांगितलं जाई, पण मला वाटतं खरं कारण पाच महिन्यांचा पगार हेच होतं.

पेटीच्या तोंडावर दोन मजेच्या गोष्टी होत्या. एक म्हणजे वेग दाखवणारे हिरवे आकडे आणि दुसरं म्हणजे 'टर्बो' नावाचं बटण. १९८१ साली आलेल्या मूळ आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता आणि त्या काळचे कितीतरी खेळ त्याच वेगावर ताल धरून लिहिले होते. पुढे मशिनं वेगवान झाली आणि त्या खेळांतली माणसं चार्ली चॅप्लिनसारखी धावायला लागली. म्हणून टर्बो. नाव वेगाचं असलं तरी या बटणाचं खरं काम मशीन हळू करणं हे होतं. आमच्या मशिनात मात्र ते कशालाच जोडलेलं नव्हतं. कॅबिनेटच्या साच्यात भोक होतं म्हणून बटण बसवलेलं. मुलगा सात वर्षांचा होता. त्यानं ते दिवसातून पन्नास वेळा दाबलं आणि प्रत्येक वेळी त्याला फरक जाणवला.

आकड्यांची गोष्ट तर त्याहून सरस. मी समजत होतो की ते हिरवे १६६ म्हणजे मोटारीच्या काट्यासारखं काहीतरी आतून मोजून बाहेर येतंय. एकदा झाकण उघडलं तेव्हा कळलं की त्या आकड्यांची प्रोसेसरशी ओळखसुद्धा नाही. मागच्या बाजूला इवलेसे जंपर असतात, ते इकडचे तिकडे केले की हवा तो आकडा दिसतो. म्हणजे माझं पहिलं अपग्रेड एक पैसा न घालवता झालं. मी २०० करायला गेलो, पण त्या पाटीतला शेकड्याचा आकडा फक्त १ दाखवू शकत होता. मग बाटाच्या चपलेसारखं १९९ वर थांबलो. महिनाभर बायकोसह सगळ्यांचं मत पडलं की मशीन आता चांगलंच पळतंय. आपल्या देशातल्या बऱ्याच प्रगतीचे जंपर कुठे असतील याचा मला तेव्हापासून अंदाज आहे.

पहिल्याच थंडीत आणखी एक शोध लागला, तो मात्र बायकोनं लावला. पुण्यात डिसेंबरात दही नीट लागत नाही. भांडं पिठाच्या डब्यात ठेवा, शालीत गुंडाळा, सकाळी दूध ते दूधच. एका रात्री मी बँकेचं काहीतरी करत बसलो होतो आणि तिनं विरजणाचं भांडं सहज टेबलावर मॉनिटर आणि सीपीयूच्या मधल्या बेचक्यात ठेवलं. मागच्या पंख्याची गरम हवा, शेजारी ऐंशीएक वॅटचा काचेचा मॉनिटर. मध्यरात्रीपर्यंत सुरीनं कापावं असं दही. त्या रात्रीपासून तिनं पतपेढीच्या हप्त्यांबद्दल बोलणं बंद केलं.

खरी अपग्रेडं सुरू झाली १९९८ मध्ये. मशीन हँग व्हायला लागलं की आमच्या पिढीला दोनच उपाय ठाऊक होते. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबरानं घासायची, नाहीतर रॅम वाढवायची. घासून झाली होती. १६ एमबीची एक पट्टी घेऊन आलो, खोबणीत बसवली, बटण दाबलं, तर मशीन नुसतं लांब लांब पिपाण्या वाजवत बसलं. पुन्हा दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, एकच लावली का? पेंटियमला जोडीनं लागते." खरंच होतं ते. त्या पट्ट्या ३२ बिटांच्या आणि पेंटियमचा रस्ता ६४ बिटांचा, त्यामुळे पट्ट्या सत्यनारायणासारख्या जोडीनंच बसणार. शास्त्रात निदान सोय आहे, बायको नसेल तर शेजारी सुपारी ठेवता येते. इथे सुपारी चालत नव्हती आणि जोडीची दुसरी पट्टी दुकानात नव्हती. दीड महिना ती एकटी पट्टी देवघरातल्या डबीत होती.

२००० साली हार्ड डिस्क भरली. 'जन्मभर' तीन वर्षांत संपला. १०.२ जीबीची नवी आणली. मशिनानं ती ओळखली, आदरानं नाव दाखवलं, आकार मात्र ८.४ सांगितला. हा त्या काळच्या बायोसचा, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जाग्या होणाऱ्या प्रोग्रॅमचा, हिशेब आहे. १०२४ सिलिंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर, यापुढे त्याला मोजताच येत नाही. उरलेली १.८ जीबी डिस्कवर आहे, मी तिचे पैसे दिले आहेत, पण बायोसच्या दप्तरी तिची नोंद नाही. सातबाऱ्यावर न चढलेल्या जमिनीसारखी ती आजतागायत पडीक आहे. डिस्क आणि बायोसच्या मध्ये दुभाष्या बसवणारं एक सॉफ्टवेअर तेव्हा मिळायचं, ते मी टाकून पाहिलं. जमीन दिसायला लागली, पण मग दुभाष्याशिवाय डिस्क कुणाशी बोलेना. एका रविवारी तो दुभाष्या बिघडला आणि सगळीच जमीन गेली. मग फॉरमॅट मारला आणि ८.४ वर संसार केला.

आता जे सांगणार आहे त्यात दोष फक्त माझा आहे. २००१ मध्ये कळलं की आमच्या मदरबोर्डच्या त्याच खोबणीत दुसऱ्या जातीचा, ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसतो. १६६ वरून ३००! शेजाऱ्यानं स्कूटर विकून मोटार घेतली तेव्हा त्याला जे वाटलं असेल ते मला वाटलं. जंपर बदलले, वर मोठा पंखा बसवला. विंडोज ९५ डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडलं. हिरव्या पाटीवर अर्थातच १९९. मशीन पहिल्यांदाच स्वतःच्या आकड्यापेक्षा जास्त पळत होतं. बायकोनं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं की दहीसुद्धा जास्त घट्ट लागलंय.

पाच तारखेला सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढायची होती. मी तेव्हा सेक्रेटरी होतो आणि बिलांचा प्रोग्रॅम मी स्वतः टर्बो पास्कलमध्ये लिहिला होता, याचा मला मुलाच्या पहिल्या नंबराएवढाच अभिमान होता. प्रोग्रॅम सुरू केला तर तो एक ओळ दाखवून मेला: रनटाइम एरर २००, शून्यानं भागाकार. मी अख्खा प्रोग्रॅम वाचून काढला. कुठेही शून्यानं भागलेलं नव्हतं. चोवीस फ्लॅट, चोवीसांनी भागलेलं. रात्री दोनपर्यंत जागलो, पहाटे तिसऱ्या मजल्यावरच्या थकबाकीदारावर संशय घेऊन झाला.

कारण कळायला आठवडा लागला. असे प्रोग्रॅम सुरू होताना आधी मशिनाचा वेग जोखतात. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, रिकाम्या फेऱ्या किती मारून होतात ते मोजायचं आणि ५५ नं भागायचं. उत्तर ठेवायला कपाट १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३५ पर्यंतचं. हे ज्यांनी ठरवलं त्यांना वाटलं असणार, एवढ्या फेऱ्या कोण मारतंय! माझ्या नव्या प्रोसेसरनं मारल्या. उत्तर कपाटात मावेना, प्रोसेसरनं हात वर केले आणि प्रोग्रॅमनं त्याचा अर्थ 'शून्यानं भागलं' असा लावला. थोडक्यात, मशीन इतकं वेगवान झालं की त्याला सोसायटीची बिलं काढता येईनात.

उपायही तितकाच अपमानास्पद होता. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची आतली कॅश मेमरी बंद करायची. असं केलं की ३०० मेगाहर्ट्झचं मशीन आदल्या दशकातल्या मशिनासारखं रेंगाळायला लागतं. मग दर महिन्याच्या पाच तारखेला मी माझ्या नव्याकोऱ्या प्रोसेसरला मुद्दाम मठ्ठ करायचो, बिलं काढायचो आणि पुन्हा हुशार करायचो. टर्बोचं बटण नेमकं याच कामासाठी जन्माला आलं होतं आणि आमच्या घरात ते कशालाही न जोडलेलं, तोंडावर मिरवत बसलं होतं. प्रिंटरचा तो करवत चालल्यासारखा आवाज सुरू झाला की खालच्या मजल्यावरची दारं लागायची. "आले बिलवाले."

याच सुमारास घरात एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. प्रोसेसर बदलला, रॅम बदलली, डिस्क बदलली, पॉवर सप्लाय पालीनं आत्मसमर्पण केल्यामुळे बदलला, फ्लॉपी ड्राइव्ह बदलला, मॉनिटर जाऊन सेकंडहँड १५ इंची आला. बायको म्हणते, "मग हा तोच कसा?" मी तिला तिच्या माहेरची गोधडी दाखवतो. तिच्या आज्जीची म्हणून ती अंगावर घेते. आज्जीच्या लुगड्याचा आता त्यात एक निळा तुकडा उरलाय, बाकी सगळी ठिगळं नंतरची. ती म्हणते, "गोधडीला एफ-वन दाबावं लागत नाही."

हे एफ-वन प्रकरण २०१० चं. एके दिवशी मशिनानं चालू होताना सांगितलं की सीएमओएसची, म्हणजे सेटिंग लक्षात ठेवणाऱ्या मेमरीची, बेरीज चुकतेय, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. बायोसच्या सगळ्या सेटिंग उडालेल्या आणि तारीख १ जानेवारी १९८०, मंगळवार. डॉसच्या जगात काळाची सुरुवातच त्या दिवसापासून होते, त्यामुळे स्मृती गेलेलं मशीन थेट तिथे जाऊन बसतं. मला तो दिवस अंधुक आठवतो. मी एकवीस वर्षांचा होतो आणि केस होते. रोज सकाळी बटण दाबलं की मशीन मला तिथे नेऊन ठेवी आणि रोज मला हातानं तीस वर्षं पुढे ढकलत आणावं लागे. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची आमंत्रणांची यादी मी अशीच घाईत केली. फाइलवर तारीख १९८०. त्या दिवशी आई पन्नाशीची होती आणि यादीतले निम्मे लोक जन्मलेले नव्हते.

इथपर्यंत घरातलं घरात होतं. पण एकदा तारीख घालायची विसरलो आणि चोवीस बिलं ०१-०१-८० या तारखेची छापून वाटली गेली. लेखापरीक्षकांनी चष्मा कपाळावर घेतला. "सोसायटीची नोंदणी १९८८ ची. बिलं आठ वर्षं आधीपासून?" तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त वकील तर खूश झाले. थकबाकीची मुदत तीन वर्षं, बिल तीस वर्षांपूर्वीचं, सबब वसुली मुदतबाह्य. हा मुद्दा त्यांनी वार्षिक सभेत मांडला आणि त्याला दोन अनुमोदकही मिळाले.

या विस्मरणाचं कारण म्हणजे आतली संपलेली बॅटरी. ती बदलायची एवढंच काम, असं कुणालाही वाटेल. बऱ्याच बोर्डांवर नाण्यासारखी गोल सीआर २०३२ बॅटरी असते. नखानं काढायची, नवी बसवायची. माझ्या बोर्डावर होती एक काळी ठोकळ्यासारखी चिप, वर गजराच्या घड्याळाचं चित्र. घड्याळही त्यात आणि बॅटरीही त्यातच, दोन्ही राळेत कायमची गाडलेली. बनवणाऱ्यांनी दहा वर्षांची हमी दिली होती आणि ती पुरेपूर पाळली होती. नंतर कुणी हे मशीन वापरत बसेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. यावर जगभरच्या माझ्यासारख्या लोकांनी शोधलेला इलाज म्हणजे शस्त्रक्रिया. चिपच्या एका अंगानं राळ कोरत जायची, १६ आणि २० नंबरच्या पायांना आत जोडलेल्या तारा गाठायच्या, मेलेल्या बॅटरीचा संबंध तोडायचा आणि बाहेरून नव्या बॅटरीचा डाग द्यायचा. हे कोरायला दाढा कोरायच्या यंत्राएवढं बारीक ड्रिल लागतं. दाताचे डॉक्टर नाही म्हणाले. मग मी रविवार पेठेत सोनाराकडे गेलो.

"दागिना?" त्यानं विचारलं. मी रुमालाची पुरचुंडी सोडली. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, चिप उलटसुलट केली, वास घेतला. "हे कुणाचं?" म्हटलं, माझंच. "खाली हे काय चमकतंय?" म्हटलं, जुन्या प्रोसेसरच्या पायांना सोन्याचा मुलामा देतात, पण हे तसं नसावं. सोनं हा शब्द ऐकून मंगळसूत्र सांधायला आलेल्या बाई जवळ सरकल्या. सोनाराचा हात आपोआप कसोटीच्या दगडाकडे गेला, तो मी धरला. मग मी कागदावर चित्र काढून दाखवलं, इथे कोरायचं, इतकंच कोरायचं, याच्या पलीकडे गेलात तर घड्याळ जाईल. तो म्हणाला, "साहेब, हिऱ्याच्या कोंदणात काम करतो आम्ही." आणि खरंच, वीस मिनिटांत दोन केसाएवढ्या तारा त्यानं अशा उघड्या केल्या की मला त्याच्या पायाला हात लावावासा वाटला. तारांना डागही त्यानंच दिला. पैसे विचारले तर म्हणाला, "मजुरी पन्नास द्या. घट धरली नाही."

घरी येऊन चिप बसवली. तिच्या डोक्यावर आता बॅटरीचं खोकं चिकटपट्टीनं बांधलेलं आहे, कपाळाला पट्टी लावून हिंडणाऱ्या पोरासारखं. मशीन चालू केलं, तारीख घातली, बंद केलं. रात्रभर झोप नाही. सकाळी सहाला बटण दाबलं. २०१०! मी ओरडलो तेव्हा बायकोला वाटलं, आकडा लागला.

उत्साहाच्या भरात मी मशिनाच्या रूपालाही हात घातला. कॅबिनेटचं तोंड मूळचं दुधाळ, ते आता जुन्या दातांसारखं पिवळं पडलेलं. प्लास्टिक पेटू नये म्हणून त्यात ब्रोमिनची संयुगं घालतात, ती ऊन लागून असा रंग धरतात म्हणे. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड चोपडून उन्हातच ठेवायचं. काट्यानं काटा. केस रंगवणाऱ्या लोकांचं क्रीम आणून ते तोंडाला फासलं, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलं आणि गच्चीत नेऊन ठेवलं. मे महिना होता. एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला सांडगे, मध्ये फेशियल करून पडलेला सीपीयू. दुपारी सावली सरकली ती मला कळली नाही, त्यामुळे आता डावा गाल गोरा आणि उजवा गव्हाळ आहे.

सुट्या भागांसाठी मी जुन्या बाजारात जायला लागलो. हा बाजार मंगळवार पेठेत, रविवारी आणि बुधवारी भरतो. पुण्यात वारांचा आणि पेठांचा एकमेकांशी संबंध लावायचा नसतो. पूर्वी तिथे मदरबोर्ड किलोवर मिळायचे, ढीग उपसून हवा तो काढायचा. हल्ली मी एका पोत्यावर ७२ पिनांच्या रॅमची जोडी पाहिली. दीड महिना देवघरात बसवलेली ती हीच जात. हात लावला तर विकणारा पोरगा म्हणाला, "काका, व्हिंटेज आहे." आणि भाव सांगितला. १९९८ मध्ये मी नवी घेतली तेव्हा दिला त्याच्या निम्मा तरी असेल.

म्हणजे वस्तूचा प्रवास असा असतो: नवी, वापरातली, जुनी, भंगार आणि मग व्हिंटेज. भंगार ते व्हिंटेज या टप्प्यात ती वाचली पाहिजे, कारण तिथेच बहुतेकींचा अंत होतो. आमच्या आईनं पितळेची दोन घंगाळं मोडीत घालून स्टेनलेस स्टीलचे डबे घेतले होते. आता तसलंच घंगाळ हॉटेलच्या दारात पाणी भरून, वर गुलाबाच्या पाकळ्या सोडून ठेवलेलं असतं आणि आई गेली त्याच्या आदल्या वर्षी ते पाहून तिथल्या मॅनेजरला म्हणाली होती, "याला चिंच लावा जरा." माझं मशीन कुठल्या टप्प्यावर आहे हे मला नक्की सांगता येत नाही. दोनदा भंगारवाल्याच्या हातगाडीपर्यंत जाऊन ते परत आलंय. एकदा भाव पटला नाही म्हणून आणि एकदा पटला म्हणून.

ते टिकलं याला कारणं होती, नुसता हट्ट नव्हता, हे मला नोंदवून ठेवायचं आहे. पहिलं कारण बिलं. २०१४ मध्ये नव्या समितीनं बाहेरून सॉफ्टवेअर घेतलं आणि ते कारण गेलं. (नव्या बिलात माझ्याच फ्लॅटचं क्षेत्रफळ चुकलं. मी काही बोललो नाही.) दुसरं कारण जास्त बळकट होतं. १९९९ मध्ये आईनं सांगितलेल्या सत्तरएक पाककृती मी टाइप केल्या होत्या. तेव्हा मराठीत लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं की सोबत प्रिंटरच्या जागी खुपसायचं एक कुलूप मिळे. ते लावलेलं असेल तरच मराठी उमटायचं. नव्या मशिनांना ती जागाच नाही. शिवाय ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी अक्षरं बसवत. फॉन्ट काढला की खुर्च्यांचे मूळ मालक दिसायला लागायचे. नव्या लॅपटॉपवर आईची पुरणपोळी उघडली तर पौंडाच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं आणि टोप्या घातलेली ए आणि ई. "हे फक्त इथेच वाचता येतं," असं मी सगळ्यांना सांगत असे. सांगताना आवाज जरा जड होई. त्याचा उपयोगही होई.

गेल्या दिवाळीत मुलगा बंगळुरूहून आला. जेवणानंतर त्यानं फाइली कशाबशा बाहेर काढल्या, कुठल्याशा कन्व्हर्टरमध्ये टाकल्या आणि माझा विडा चघळून व्हायच्या आत सत्तरही पाककृती युनिकोडमध्ये करून ठेवल्या. मी मोठ्या आशेनं चुका शोधल्या. होत्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते, आणि या अदलाबदलीत बऱ्याच वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या घरी गेल्या होत्या. चिंच, मिरची, कोथिंबीर, सगळीकडे घोटाळा. एक शब्द मात्र पानोपानी निर्दोष होता. आईनं मिठापासून पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला सांगितलेला: 'अंदाजानं'. त्यात वेलांटीच नाही.

"बाबा, आता हा देऊन टाकू," मुलगा म्हणाला.

"बघू," मी म्हणालो. 'बघू' हा आमच्या घरातला सर्वांत जुना आणि अजूनही विनातक्रार चालणारा प्रोग्रॅम आहे.

पण मुलगा त्यात अडकणाऱ्यातला नव्हता. त्यानं सीपीयूचे फोटो काढले, गोऱ्या गालाकडून. कुणीतरी हौशी माणूस चांगले पैसे देईल म्हणाला. माझ्याकडे तिसरं कारण नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं 'हा डबा टाका' असं म्हणणारी माझी बायको हातातलं भांडं पुसत दारात उभी होती.

"थंडी संपू दे," ती म्हणाली. "दही कुठे लावू मी?"

"अगं आई, दही लावायचं विजेचं भांडं मिळतं. उद्या मागवतो. बटण दाबायचं, आठ तासांनी दही."

"बिघडत नाही का ते?"

"काय बिघडायचंय त्यात?"

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली. "हा बिघडला की तुझे बाबा दोन-दोन दिवस तो उघडून बसतात. तेवढा वेळ माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नसते."

मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेलो.